चेअरमनसाहेबांचा बिनसाखरेचा चहा

बायनाबाईला कुणी विचारलं, की बाई, तू विद्यापीठात काय करतीस, तर ती पदर सावरून सांगायची, "कार्यक्रम करते." आणि ते काही अगदीच खोटं नव्हतं. चिंचवाडीच्या प्रादेशिक अभ्यास केंद्रात वर्षभर जेवढे म्हणून कार्यक्रम झाले, त्यात पाहुणे बदलले, विषय बदलले, बॅनर बदलले. बदलला नाही तो बायनाबाईचा चहा. पण त्या चहाच्या आडून तिचा स्वतःचा एक कार्यक्रम चालला होता. त्याची निमंत्रणपत्रिका मात्र कुणाला गेली नव्हती, आणि ज्याच्यासाठी तो होता त्याला तर वासही नव्हता.

केंद्र म्हणजे काय, तर दूध संघाची बंद पडलेली इमारत. नेकनूरहून येणारी एसटी जिथं वळण घेते तिथंच. दुष्काळात जनावरं गेली, जनावरांबरोबर दूध गेलं आणि दुधाबरोबर संघ गेला, असं चेअरमन विठ्ठलराव सांगायचे. गाव सांगायचं ते निराळं. गावाचं म्हणणं, दुष्काळ यायच्या आधीच संघ निम्मा पिऊन झाला होता, दुष्काळानं फक्त भांडं पालथं केलं. ते काही असो. संघ बुडाला, पण विठ्ठलरावांचं 'चेअरमन' हे नाव काही बुडालं नाही. त्यांनी इमारत विद्यापीठाला देऊ केली, टाळ्या घेतल्या आणि केंद्राच्या सल्लागार समितीचे अध्यक्ष होऊन पुन्हा त्याच खुर्चीत येऊन बसले. पाटी रंगवणारासुद्धा हुशार. 'दूध शीतकरण केंद्र' यातलं 'केंद्र' त्यानं तसंच ठेवलं आणि आधीचं तेवढं बदललं. पण रंग हलका. उन्हाळ्यात तो विटला, की 'प्रादेशिक अभ्यास'च्या खालून दूध वर यायचं.

केंद्रप्रमुख होते गहिनीनाथ सर. मूळचे कडा गावाकडचे. अंगानं किरकोळ, मनानं भोळे. त्यांच्या डोक्यावर विद्यापीठाची एकच तलवार होती: महिन्याला एक कार्यक्रम झालाच पाहिजे आणि त्याचा फोटो गेलाच पाहिजे. चहापाण्याला बाई हवी म्हटल्यावर गावातल्या म्हाताऱ्या आप्पारावांनी बायनाबाईचं नाव सुचवलं. आप्पाराव म्हणजे विठ्ठलरावांचे सासरे. आपण आपल्या जावयाच्या खुर्चीपाशी कुणाला आणून उभं करतोय, हे त्यांना ठाऊक नव्हतं असं म्हणायला जीभ रेटत नाही.

आता वैर काय होतं ते.

दुष्काळाच्या उन्हाळ्यात गावाच्या माळावर संघानं चारा छावणी उघडली होती. बायनाबाईचा नवरा राधाकिशन मेंढरं घेऊन गोदाकाठाला गेलेला. घरी ती एकटी, एक गाय आणि त्या गाईची दुष्काळातच जन्मलेली कालवड, हरणी. गाईच्या कानाला बिल्ला होता म्हणून तिला छावणीत जागा मिळाली. हरणीला बिल्ला नव्हता. बिल्ल्यासाठी बायनाबाईनं चेअरमनच्या मागं किती हेलपाटे घातले ते तिच्या चपलेला ठाऊक. शेवटी तिनं एक केलं. जनावरांनी खाऊन तुडवलेलं उसाचं वाढं, म्हणजे शेंड्याची पात, दुपारी गोळा करायचं, झटकायचं आणि त्याचा भारा बांधून हरणीसाठी घरी न्यायचा. शेणात गेलेलं ते, कुणाचं काय जाणार होतं?

पण त्या दिवशी छावणी बघायला बाहेरचे पाहुणे आलेले. चेअरमनच्या हातात माईक. माईक हातात असला की या माणसाला काहीतरी करून दाखवल्याशिवाय करमत नसे. त्यांनी बायनाबाईला अडवलं. "हे बघा," पाहुण्यांना म्हणाले, "असले चोर आहेत म्हणून मुकी जनावरं उपाशी मरतात!" मग तो भारा तिच्याच डोक्यावर ठेवायला लावला आणि छावणीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, सगळ्या दावणींसमोरून तिला चालवलं. वर तोंडानं म्हणायला लावलं, 'मी चाऱ्याची चोर.' काही जण हसले. काहींनी मान खाली घातली. हसणाऱ्यांत छबुबाईसुद्धा होती, बायनाबाईची भिंतीला भिंत लागून असलेली शेजारीण. पण ते छबुबाई आता सांगत नाही आणि आपणही तिला आठवण करून द्यायची नाही.

त्याच आठवड्यात हरणी गेली. बायनाबाईनं तिचं दावं जाळलं, पण खुंटा उपटला नाही.

राधाकिशन परत आला, सगळं ऐकलं आणि डोक्याला हात लावून बसला. "सोड बायने. मोठ्या मानसाचं वैर आपल्याला पेलायचं न्हाई."

"मी कुठं त्याचा जीव घ्यायला निघाले?" बायनाबाई म्हणाली. "त्यानं मला गावापुढं फिरिवलं. मी त्याला गावापुढं फिरवीन. तेवढंच. लई न्हाई."

राधाकिशनला वाटलं, बाईच्या डोक्यात ऊन गेलं. चेअरमनला फिरवणार? कशावर बसवून?

तर गाढवावर.

चिंचवाडीची धुळवड ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. या गावाची रीत अशी, की होळी पेटल्यापासून धुळवडीच्या दुपारपर्यंत गावच्या जावयानं गावात कुणाच्याही हातचं पाणी घेतलं, की तो सापडला. मग धुळवडीला त्याची गाढवावरून वरात. धरपकड नाही, जबरदस्ती नाही. जावयानं आपल्या हातानं, आपल्या राजीखुशीनं प्यालं पाहिजे. ज्यानं पाणी पाजलं त्याचा मान असा, की वरातीत जावयाच्या डोक्यावर काय ठेवायचं ते त्यानं ठरवायचं. कुणी फुटकं सूप ठेवतं, कुणी कांद्याच्या पातीचा फेटा बांधतं. जावयानं हूं का चूं करायचं नाही. वरात संपली, की त्याच घरानं जावयाला न्हाऊ घालायचं, नवे कपडे द्यायचे, पुरणाचं जेवण वाढायचं, आणि ताटात पडेल ते जावयानं संपवायचं. अपमान आणि मानपान एकाच पंगतीला. म्हणूनच फाल्गुन आला, की गावचे जावई बायकोला माहेरच्या वेशीवर उतरवतात आणि मोटारसायकल बंदसुद्धा न करता वळवतात.

विठ्ठलराव आप्पारावांचे जावई. लग्न झाल्यापासून एकाही होळीला ते चिंचवाडीच्या शिवारात दिसलेले नव्हते. कधी बँकेची मीटिंग, कधी मुंबईचं काम. पाणी पाजायला माणूस समोर तर यायला हवा!

तो माणूस आता महिन्याला एकदा गावात येणार होता आणि त्याच्यासमोर चहाचा ट्रे घेऊन बायनाबाई उभी राहणार होती.

पाडव्याला केंद्राचं उद्घाटन झालं. बायनाबाईनं ट्रे पुढं केला. चेअरमननी वर पाहिलं, ओळखलं आणि कपावर पालथा हात ठेवला. "आमचा चहा आमच्याबरोबर असतो," म्हणाले. ड्रायव्हर बंकट थर्मास घेऊन धावत आला. चेअरमन गहिनीनाथ सरांच्या कानाशी लागले, पण माईकवर बोलायची सवय झालेल्या माणसाला कुजबुजता कुठं येतं? "ही बाई कावून ठेवली हो सर? थुंकून देईल चहात."

बायनाबाईनं ऐकलं. ट्रे घेऊन तशीच पुढच्या पाहुण्याकडं गेली.

संध्याकाळी छबुबाई भिंतीवरून डोकावली. "थुंक म्हनला ना तो? मग थुंकच. न्हाईतर जमालगोटा घाल. भाषण करता करता पळंल बघ कसा!" आणि स्वतःच पोट धरून हसली.

"एक दिवस पळंल," बायनाबाई म्हणाली. "दुसऱ्या दिवशी मला हाकलून देतील आन् तो पुन्ना खुर्चीत. मला त्याला भरवशाचा चहा पाजायचाय छबे. असा, की त्यानं बघू पन नये कोन देतंय."

वैशाखात जुन्या बारवांवर व्याख्यान झालं. एकेका बारवेचा फोटो आणि एकेका फोटोत तळाशी कोरडा गाळ. उकाडा असा, की थर्मासातल्या चहाला उकळल्याचा कडवटपणा आलेला. चेअरमनला साखरेचा आजार. घरून येणारा चहा बिनसाखरेचा, म्हणजे नुसतंच कोमट दुःख. बायनाबाईनं हे हेरलं. हात धुवायच्या नळाचं पाणी जिथं सांडायचं तिथं तिनं गवती चहाचा ठोंब लावला होता. त्या दिवसापासून मंचावरच्या पाहुण्यांना ती आलं आणि गवती चहा घालून कोरा, बिनसाखरेचा चहा द्यायला लागली. पाहुण्यांनी वाहवा केली. तो वास चेअरमनच्या नाकापर्यंत गेला आणि त्यांनी थर्मासच्या झाकणाकडं असं पाहिलं, जसं माणूस जुन्या चपलेकडं पाहतो.

नागपंचमीला बायकांच्या गाण्यांचा कार्यक्रम. बंकट डिझेल भरायला गेला तो गेलाच. का, तर राधाकिशननं त्याला पंपावर तंबाखूला थांबवून घेतलं होतं. थर्मास गाडीत. चेअरमननी इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. मग बायनाबाईच्या किटलीतला चहा आधी गहिनीनाथ सरांना घ्यायला लावला. सर प्याले, जगले. तेव्हा चेअरमननी एक घोट घेतला. मग दुसरा.

काहीही झालं नाही. पोट दुखलं नाही, मळमळलं नाही, उलट घसा मोकळा झाला. काहीही न होणं हीच तर बायनाबाईची सगळी मेहनत होती.

सप्टेंबरात मुक्तिसंग्राम दिन झाला, तेव्हा थर्मास आला नाही. चेअरमननी रझाकारांपासून दूध संघापर्यंत भाषण नेलं, घसा कोरडा करून खाली बसले आणि हात खुर्चीच्या डावीकडं पुढं केला. कप हातात आला. बायनाबाईनं त्या दिवशीच ठरवलं: आता नेहमी डावीकडूनच. भाषण संपलं, टाळ्या सुरू झाल्या, की टाळ्या संपायच्या आत कप. तिनं इतर कशालाही उशीर केला असेल, पण त्याला कधी नाही. गावातल्या बायका टोमणे मारायला लागल्या. "बायने, लई सेवा चाललीय चेअरमनची! जावई तुजाच हाय का काय?" बायनाबाई नुसती हसायची. छबुबाई मात्र धास्तावली. तिला खरंच वाटायला लागलं, की ही बाई वैर विसरली.

दिवाळीनंतर सरांनी 'दुष्काळ आणि सहकार' नावाचं छायाचित्रांचं प्रदर्शन लावलं. फोटो कुठून कुठून जमवलेले. बायनाबाई सकाळी फडकं घेऊन फोटो पुसायला गेली आणि एका फोटोसमोर फडकं हातातच राहिलं. छावणीचा फोटो. मध्यभागी माईक धरलेले चेअरमन, आजूबाजूला पाहुणे, आणि उजव्या कोपऱ्यात डोक्यावर वाढ्याचा भारा घेतलेली एक बाई. चेहरा भाऱ्याच्या सावलीत. खाली सुबक अक्षरात चिठ्ठी: 'छावणीतून चारा घेऊन जाणारी समाधानी लाभार्थी महिला'.

सर भोळे. त्यांना काय ठाऊक? ते मागं येऊन उभे राहिले. "छान आहे ना फोटो?"

"लई छान," बायनाबाई म्हणाली आणि काच पुसली. दोनदा पुसली.

दुपारी पाहुणे आले. चेअरमन त्याच फोटोसमोर उभे राहून सांगत होते, "मी शपथेवर सांगतो, माझ्या छावणीत एक जनावर दगावलं नाही." बायनाबाई डावीकडं उभी. ट्रेमधला चहा वाफाळत होता. तिच्या मनात आलं, आत्ता, याच्या तोंडावर. हात थोडा वर उचललासुद्धा गेला. आणि चेअरमननी फोटोतल्या बाईकडं बोट दाखवत, खऱ्या बाईकडं न बघता, तिच्या हातचा कप घेतला आणि फुर्र करून घोट घेतला.

न बघता! बायनाबाईचा हात खाली आला. तिचा राग काही निवला नाही, पण त्याला आता वाट सापडली होती.

त्या दिवशी ट्रे विसळता विसळता ती सरांना म्हणाली, "सर, बारवा झाल्या, गानी झाली, दुष्काळ झाला. आमच्या गावची धुळवड कावून ऱ्हायली?"

सरांचे डोळे चमकले. फाल्गुनात कार्यक्रम नव्हताच! त्याची नांदी म्हणून त्यांनी माघातच परिसंवाद घेतला: 'जावयाची वरात: एक लोकपरंपरा'. आप्पारावांनी कॅमेऱ्यासमोर सगळी रीत सांगितली आणि शेवटी डोळे पुसत म्हणाले, "पन आजकाल जावईच पळपुटे निघालेत. कुनाकुनाचं नाव घ्यावं?" सभागृह चेअरमनकडं बघून हसलं. चेअरमन अध्यक्षीय भाषणाला उठले. माईक हातात आला आणि नेहमीचं झालं. "परंपरा टिकली पाहिजे!" ते गरजले. "गाढवावर बसण्यात कमीपणा कसला? तो मान आहे, मान! जो जावई पळतो त्याला मी पुरुष समजत नाही!" होळीला आपण मुंबईत असणार हे मनाशी पक्कं असलेला माणूस बोलतो तसंच.

सरांनी ते भाषण विद्यापीठाला पाठवलं. कुलगुरू मॅडमना इतकं आवडलं, की त्यांनी कळवलं, होळीला मी स्वतः येते, वर्षाचा समारोप तिथंच करू, आणि समितीच्या अध्यक्षांना भेटायला उत्सुक आहे.

चेअरमनला विद्यापीठाच्या अधिसभेवर जायचं होतं. मॅडमनी नाव सुचवलं, की काम झालं. आता मुंबईला कुठलं तोंड घेऊन जाणार?

होळीच्या सांजेला चेअरमन आले ते लढाईला आल्यासारखे. गाडीचं तोंड वेशीकडं करून ठेवलेलं. बंकटच्या एका खांद्याला थर्मास, दुसऱ्याला पाण्याची बाटली. "बे बंकट, कुनी पान्याचा तांब्या घेऊन जवळ आलं तर मधी उभा ऱ्हा," असा हुकूम. आप्पारावांनी घरी बोलावलं, गेले नाहीत. सासूबाईंनी प्रसाद धाडला, घेतला नाही. पोरांनी सरबताचा घडा आणला, त्याला नमस्कार केला. गावातली निम्मी माणसं भांडी घेऊन त्यांच्याभोवती घिरट्या घालत होती आणि चेअरमन प्रत्येकाला हात जोडून हसत होते. गडी सावध होता, त्यात शंका नाही.

केंद्राच्या अंगणात होळी पेटली. बोंबा झाल्या. धूर मंचाकडं वळला. कुलगुरू मॅडम कौतुकानं बघत होत्या. मग चेअरमन बोलायला उठले. मॅडमच्या रूपात अधिसभाच समोर बसलेली असताना माणूस थोडक्यात कसं बोलेल? सहकार, दुष्काळ, त्याग, परंपरा. धुरानं खोकला येत होता, पण थांबले नाहीत. शेवटी "जय सहकार!" म्हणून खाली बसले. टाळ्या पडल्या. आणि चेअरमनचा डावा हात, वर्षभर शिकवलेल्या बैलासारखा, आपला आपण बाजूला गेला.

टाळ्या संपायच्या आत कप हातात होता.

फुर्र.

दुसरा घोट घेताना त्यांच्या ध्यानात आलं, की टाळ्या फारच अचानक थांबल्यात. अंगणात फक्त होळीतली लाकडं तडतडत होती. मंचाखालून बंकट ओरडला, "साहेब! कप!" त्याला पाण्याचे तांबे अडवायला सांगितलं होतं, चहाचं कुणी बोललंच नव्हतं.

"सापडला!" छबुबाईची किंकाळी फुटली. "आगं माय, सापडला! बायनीनं धरला!"

मग जो गदारोळ उठला त्यात चेअरमन उभे राहून ओरडत होते, "हे पाणी न्हाई! रीत पाण्याची हाय! हा चहा हाय!"

आप्पाराव काठी टेकत मंचापाशी आले. गावाचा न्याय तेच करणार. त्यांनी हात वर केला, तशी सगळी गप्प झाली. "बायने," ते म्हणाले, "कशाचा केलास चहा?"

"पानी, आलं आन् गवती चहा. वर चिमूटभर पत्ती."

"दूध?"

"दूध कुठून आनू आप्पा?" बायनाबाई चेअरमनकडं बघत म्हणाली. "संघ बंद हाय."

त्या वेळी जे हसू फुटलं ते नेकनूरपर्यंत गेलं असेल. आप्पारावांनी हसू मिशीत दाबलं. "दूध असतं तर इचार केला असता. हे तर पानीच हाय, जावईबापू. रंगीत."

चेअरमननी शेवटच्या आशेनं कुलगुरू मॅडमकडं पाहिलं. मॅडम हसून म्हणाल्या, "तुम्हीच भाषणात म्हणालात ना, हा मान आहे? मी उद्या दुपारपर्यंत थांबते मग. हे बघायलाच हवं."

चेअरमन हळूहळू वळले आणि वर्षात पहिल्यांदा त्यांनी डावीकडं नीट पाहिलं.

"वळखलं का, दाजी?" बायनाबाईनं विचारलं आणि रिकामा कप त्यांच्या हातातून काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी सटवाच्या वीटभट्टीवरचं गाढव आलं. गाढव गरीब होतं, पण चेअरमनच्या वजनानं त्यानंही एकदा मान वळवून पाहिलं. चपलांची माळ पडली, तोंडाला काजळ लागलं, हलगी वाजायला लागली. आता पाजणारीचा मान. सगळ्यांना उत्सुकता, की बायनाबाई डोक्यावर काय ठेवते. राधाकिशननं घरातून आणून तिच्या हातात दिला तो वाढ्याचा भारा. उसाच्या फडातून आणलेलं हिरवं नव्हे. वाळलेलं, तुडवलेलं, शेण लागलेलं.

भारा डोक्यावर बसला, तशी हलगी वाजवणाऱ्याचा हात क्षणभर चुकला. ज्यांना आठवायचं त्यांना आठवलं.

वरात गल्लीगल्लीतून गेली. पोरं नाचली, रंग उडाला. एका हातात कॅमेरा, दुसऱ्यात माईक घेऊन गहिनीनाथ सर उलटे चालत होते आणि दोनदा गटारीत पडले. कुलगुरू मॅडमनी स्वतःच्या हातानं चेअरमनच्या गालाला रंग लावला आणि "खरे परंपरेचे रक्षक!" म्हणाल्या. चेअरमन हसत होते. फोटोत हसावंच लागतं. पण वेशीबाहेर निघाल्यावर बायनाबाईनं गाढवाची दोरी सटवाच्या हातातून घेतली आणि माळाकडं वळवली. छावणीच्या माळाकडं. दावणींच्या मेखा अजून तिथं जमिनीतून वर आलेल्या होत्या. या टोकापासून त्या टोकापर्यंत, ज्या ओळीनं तिला चालवलं होतं त्याच ओळीनं तिनं गाढव चालवलं. हलगी हळूहळू थांबली. नाचणारी पोरं मोठ्यांच्या तोंडाकडं बघायला लागली. छबुबाई पदराचं टोक तोंडात धरून चालत होती.

टोकाला पोचल्यावर बायनाबाई थांबली. "बोला की दाजी. मला बोलायला लावलंतं तसं."

"बायने," आप्पाराव हळूच म्हणाले, "वरातीत जावयानं तोंड उघडायचं न्हाई. रीत हाय."

"मंग मीच बोलते." तिनं सरांच्या हातातला माईक घेतला. माईक हातात धरायची तिची ही पहिलीच वेळ. "ज्या बाईला इथून फिरिवलं ती चोर न्हवती," ती म्हणाली. "तिच्या घरी बिनबिल्ल्याचं वासरू व्हतं. ते मेलं. त्या फोटूखालची चिठ्ठी बदला, सर."

माईक परत दिला. तेवढंच. लई नाही.

गाढवावर बसलेल्या माणसानं तेव्हा मान खाली घातली का, याबद्दल गावात दोन मतं आहेत. भारा जड होता, असं बंकट म्हणतो.

जेवण बायनाबाईच्या अंगणात. न्हाऊन, नवं धोतर नेसून चेअरमन पाटावर बसले. पाट मांडला होता तो हरणीच्या खुंट्यासमोर, हातभर अंतरावर. नजर उचलली की खुंटा.

ताटात पुरणाची पोळी पडली. चेअरमननी घास घेतला आणि चेहरा कसनुसा झाला.

"तुमचं पुरन बिनगुळाचं केलंय," बायनाबाई म्हणाली. "साखरेचा आजार हाय न्हवं? तुमच्या जिवाला काय झालं तर पाप मला."

दुसरी पोळी पडली. तिसरी पडली. पडेल ते संपवायचं ही रीत. गिळगिळीत, बेचव पुरण चेअरमन पाण्याच्या घोटासंगं उतरवत राहिले. आता पाण्याला घाबरायचं कारण नव्हतं. मध्येच हात थांबला. खुंट्याकडं बघत ते म्हणाले, "केवढं... केवढं होतं वासरू?"

बायनाबाईनं चौथी पोळी वाढली.

"बास आता, माय," ते म्हणाले. माय म्हणाले ते. छबुबाईनं भिंतीवरून ऐकलंय.

"खा. माझ्या दारातून उपाशी एकच गेलं," बायनाबाई म्हणाली. "दुसरं जाऊ द्यायचं न्हाई."

चेअरमननी चौथी पोळी खाल्ली.

पाडव्याला केंद्राच्या नव्या वर्षाचा पहिला कार्यक्रम होता. छावणीच्या फोटोखाली आता नवी चिठ्ठी आहे. 'समाधानी' आणि 'लाभार्थी' गेले; 'बायनाबाई, हरणीसाठी चारा नेताना' एवढंच उरलं. शेजारी वरातीचा फोटो. मॅडमनी मोठा करून पाठवलेला, म्हणून चेअरमनला तो काढताही येत नाही. अधिसभेवर त्यांचं नाव लागलं म्हणतात. कार्यक्रमाला ते आले, फोटोंकडं पाठ करून बसले आणि बंकटच्या खांद्याला पुन्हा थर्मास होता.

ते बघून छबुबाई म्हणाली, "सुटलीस बाई एकदाची. झालं न्हवं आता मनासारखं?"

बायनाबाई नळापाशी वाकून गवती चहाच्या ठोंबाला पाणी घालत होती. ठोंब वर्षात चांगला पसरला होता.

"धुळवड काय एकदाच येती का, छबे?" ती म्हणाली, आणि आत जाऊन सगळ्या पाहुण्यांचे कप मांडायला लागली. एक जास्तीचा, डावीकडं.